अणुव्रत व्हय?

आत्तीकडून कोयता मागून नेणं आमच्या गल्लीत कधी कुणाला जमलं नाही. आत्ती म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत तिचा नवरा गेला आणि आप्पा तिला बैलगाडीतून घरी घेऊन आले, ती कायमची. अंगानं काटकुळी, आवाजानं मात्र दांडगी. कोयताच काय, कुऱ्हाड, खुरपं, विळी, काड्याची पेटी, यातलं काहीही ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही. आम्ही जैन. श्रावकानं पाळायच्या व्रतांत हिंसादान टाळायला सांगितलंय, म्हणजे ज्यानं जीव जाऊ शकतो असं साधन दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. गावात व्रतं पुष्कळांनी घेतली होती, पण कोयत्यापर्यंत नेऊन ती पाळणारी आत्ती एकटीच. दारात कुणी आलं की सोप्यातूनच तिचा आवाज यायचा, “पावणं, कोयता मिळायचा न्हाय. ताक हाय, घ्या आन जावा.”

शेजारणींनी मग तोड काढली होती. विळी मोडली, बोथट झाली, की त्या भाजीच घेऊन आमच्याकडे यायच्या. आत्ती आमच्या विळीवर बसायची आणि त्यांच्या गवाऱ्या, दोडके कचाकचा चिरून द्यायची. “भाजी आण, मी चिरून देतो. इळी मागायची न्हाय,” असा तिचा कायदा. (आमच्याकडच्या बायका घरात ‘येतो, जातो’च म्हणतात. मीही म्हणायची. विद्यापीठात गेल्यावर ‘येते, जाते’ शिकले आणि एसटी कोल्हापूर सोडून नृसिंहवाडीच्या रस्त्याला लागली की परत ‘येतो, जातो’वर यायची.) पुढे कित्येक वर्षं मी वर्गात मुलांना शिकवत आले की काही देश दुसऱ्या देशांना अणुभट्टीचं इंधन पुरवतात, पण ते तयार करण्याची विद्या देत नाहीत, वापरलेलं इंधनही मोजून परत मागतात. मुलांना ते अवघड जायचं. मला ते आमच्या उंबऱ्यावर, गवाऱ्यांच्या ढिगाशी बसून आधीच कळलेलं होतं, फक्त तेव्हा ते मला माहीत नव्हतं.

घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. पहाटे जाग यायची ती नदीकाठच्या इंजिनाच्या ठोक्यांनी, मग आप्पांच्या धारेच्या आवाजानं. रिकाम्या चरवीत पहिली धार वाजते ती कडक, चरवी भरत जाईल तसा आवाज मऊ होत जातो. आप्पा किती दूध झालं ते न बघता सांगायचे. आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, भाकरी थापण्याचा आवाज त्यात मिसळायचा. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं हा घराचा नियम, त्यामुळे दुपारनंतरचं सगळं घर चुलीभोवती घाईत असे. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, घट्ट दही, शेंगदाण्याची चटणी. सणावाराला खपली गव्हाची खीर. आप्पा ताटावर बसले की बोलायचे नाहीत. तसे ते एरवीही बोलायचे नाहीत. त्यांचा एक शब्द दुसऱ्याच्या दहा वाक्यांच्या बरोबरीचा असायचा, आणि एकदा शब्द टाकला की तो मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती. ही सवय माझ्यात जशीच्या तशी उतरली आहे, असं अव्वा कौतुकानं नव्हे तर वैतागून म्हणायची.

एम.ए. झाल्यावर गावच्या हायस्कुलात माझ्यासाठी जागा ठरल्यातच जमा होती. मी आप्पांना सांगितलं की मला पीएच.डी. करायची आहे. ते धारेला बसले होते. मी मुद्दामच ती वेळ निवडली होती, कारण धार काढताना ते उठून जाऊ शकत नसत.

“कशावर करायची?” त्यांनी म्हशीच्या पोटाला डोकं टेकवूनच विचारलं.

“अणुशस्त्रां...” मी सुरुवात केली. तेवढ्यात म्हशीनं शेपटी मारली, चरवी कलंडली, आप्पांनी ती धरली.

“अणुव्रत व्हय?” ते म्हणाले आणि इतके प्रसन्न हसले की तसं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. “मग कर की. त्येला कोण नगं म्हणील?”

अणुव्रत म्हणजे आमच्यात गृहस्थानं पाळायची छोटी व्रतं. अणु म्हणजे लहान, एवढाच तिथं अर्थ. अहिंसा, सत्य, अचौर्य आणि बाकीची दोन. ज्या घरात रोज संध्याकाळी त्यांचं नाव निघतं, त्या घरात ‘अणु’ या शब्दापुढे दुसरं काय येणार? कुणाही शिकलेल्या माणसाला ‘अणु’ म्हटल्यावर बाँब आठवेल. आमच्या आप्पांना व्रत आठवलं. मी तिथं तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही. चरवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. खोटं बोलले नाही, नुसती गप्प बसले, अशी मी माझी समजूत घातली आणि दीड वर्ष ती घालत राहिले.

विषय माझा होता अणुशस्त्रांचा प्रसार रोखणारे करार. तो कुठून डोक्यात शिरला हे मला आजतागायत नीट सांगता येत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिकांचं एक कपाट होतं. अंक बोटीनं यायचे, त्यामुळे त्यांत ताजी म्हणून छापलेली बातमी आमच्यापर्यंत शिळी होऊन पोचायची. त्या कपाटाला माझ्याखेरीज दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. कुठल्या देशाकडे काय आहे, कोण कुणाला काय विकतो, एकच यंत्र पंपाचा भाग कातायला चालतं आणि तोफगोळ्याचाही, मग ते विकू द्यायचं की नाही, यावर माणसं पानंच्या पानं भांडत होती. ऊस, दूध आणि लग्नं यांखेरीज जगात दुसरा विषय नसलेल्या गावातून आलेली मी ते भांडण वाचताना तहानभूक विसरायची. हे मला समजलंच पाहिजे, इतकंच मनात पक्कं होतं.

मार्गदर्शक सर मूळचे चंदगडचे. टेबलाच्या खणात कायम काजूची पिशवी असायची, आणि चांगलं प्रकरण लिहून नेलं की चार काजू पुढे यायचे. मला दीड वर्षात एकदाच मिळाले, तेही एका शब्दासाठी. एक देश दुसऱ्याला आपल्या शस्त्राचा धाक घालून गप्प ठेवतो, त्याला मी ‘भयाधिष्ठित प्रतिनिवारण’ असलं काहीतरी लिहून नेलं होतं. सर म्हणाले, “हे वाचून शत्रू घाबरणार नाही, झोपेल.” मी तेव्हा शिवाजी पेठेत एका तालमीसमोरच्या खोलीत राहत होते. तालमीचे वस्ताद म्हातारे होते, कुणावर हात उगारायचे नाहीत, पण पायरीवर येऊन नुसते बसले की आतला दंगा बंद व्हायचा. दुसऱ्या दिवशी मी सगळीकडे ‘वचक’ लिहून आणलं. चार काजू त्याचे. आज माझ्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी तो शब्द वापरतात आणि त्यांना वाटतं तो कुठल्या तरी परिभाषा कोशातला आहे.

पण प्रबंध पुढे सरकत नव्हता. करार कधी झाला, कुणी सही केली, कुणी केली नाही, हे मी इमानेइतबारे लिहीत होते. सर प्रकरण वाचायचे, चष्मा काढायचे आणि तेच विचारायचे, “हे सगळं त्यांचं झालं. यात तुझा प्रश्न कुठं आहे?” मला तो सापडत नव्हता. प्रश्न नसेल तर हे काम थांबवून हायस्कुलात जा, असं एकदा ते सरळ म्हणाले. मी त्या दिवशी खोलीवर जाऊन चिडून रडले आणि मग परत ग्रंथालयात गेले.

गावात तोवर माझं नाव झालं होतं. आप्पा कुणाला आपणहून सांगत नसत, पण कुणी विचारलं तर “पोरगी अणुव्रतावर मोठं पुस्तक लिवतीया” एवढं म्हणत. आपल्या देशाचंही त्या काळी तसंच होतं. एकदा चाचणी झाली होती, ती शांततेसाठी म्हणून सांगितली गेली होती, आणि आपल्याकडे बाँब आहे की नाही हे विचारलं तर सरकार ना हो म्हणायचं, ना नाही. त्या धोरणावर मी एक अख्खं प्रकरण लिहीत होते. तेच धोरण मी स्वतःच्या घरात चालवते आहे, हे माझ्या लक्षात येत होतं आणि मी ते लक्षात येऊ देत नव्हते.

भाद्रपदातलं दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस बस्तीत, म्हणजे आमच्या गावच्या जैन मंदिरात, रोज प्रवचन असतं. बस्तीचे पंच जिनगोंडा काका यांनी त्यातल्या शनिवारी दुपारचं व्याख्यान माझं ठेवलं. मला कळलं तेव्हा बस्तीच्या दारातला फळा लिहून झाला होता: ‘अणुव्रत या विषयावर पीएच.डी. करणाऱ्या आपल्या गावच्या कन्या कु. सुलोचना यांचे व्याख्यान’. खडूनं, वळणदार अक्षरात, भोवती वेलबुट्टी. मी रात्रीत भाषण तयार केलं. पाच व्रतं मला तोंडपाठ होतीच. आठ पानं झाली. आणखी एकदा वेळ मारून न्यायची, मग प्रबंध पुरा झाला की सांगू, असं मी ठरवून टाकलं होतं.

दुपारी बस्तीचा सभामंडप भरला. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. सगळ्यांत पुढे आत्ती, तिच्या शेजारी अव्वा. आप्पा धुवट धोतर आणि कडक इस्त्रीची टोपी घालून खांबाला टेकून बसले होते. जिनगोंडा काकांनी माझी ओळख करून दिली आणि मग, कुणालाच अपेक्षा नसताना, म्हणाले, “आता आप्पांनी दोन शब्द बोलावं.”

आप्पा उठले. आयुष्यात ते कधी चारचौघांत बोलले नव्हते. टोपी काढली, परत घातली. “मला बोलाय येत न्हाय,” ते म्हणाले. “लोक म्हणलं, पोरीला कशाला शिकवतोस, शाळंत नोकरीला लाव. मी म्हणलं, न्हाय. ती आपलं व्रत जगाला सांगणार हाय. म्हणून सोडली. एवढंच.” आणि ते बसले.

आठ पानं माझ्या हातात होती. पहिल्याच पानावर दुसरं व्रत सत्याचं होतं, आणि ते मी चांगलं लिहिलं होतं. मला ते वाचता येईना. मला स्वतःचाच राग आला. या माणसानं माझ्यासाठी गावाशी वाद घातला होता आणि मी त्यांना वाद घालायला खोटं कारण दिलं होतं. मी पानं घडी करून खाली ठेवली.

“मी अणुव्रतावर अभ्यास करत नाही,” मी म्हणाले. “मी अणुबाँबवर करते.”

काही क्षण कुणाला कळलंच नाही. मग मागून एक म्हातारबा मोठ्यानं म्हणाले, “बाँब करतीया म्हंती!” आणि मंडपात एकदम गलका उठला.

“करत नाही हो आजोबा. तो कुणी करू नये म्हणून जे करार झालेत, त्यांचा अभ्यास करते. फळ्यावर लिहिलंय ते चूक आहे, आणि ती चूक जिनगोंडा काकांची नाही, माझ्या आप्पांचीही नाही. माझी आहे. मला दीड वर्षापूर्वी सांगता आलं असतं.” आप्पांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी बोलत राहिले. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. पाच देशांकडे बाँब आहे, त्यांनी तो दुसऱ्याला द्यायचा नाही आणि बाकीच्यांनी करायचा नाही, असा करार आहे, हे सांगितलं. मग समोर आत्ती दिसली आणि मी म्हणाले, “आमची आत्ती कोयता कुणाला देत नाही, तसंच समजा.”

मंडपात हशा पिकला. आत्ती मात्र हसली नाही. गुडघ्यावर हात टेकून ती उभी राहिली. बायकांच्या बाजूनं सभेत उठून बोलायची पद्धत नव्हती, पण आत्तीला थांबवणार कोण?

“माजं नाव कशाला घेतीस?” ती म्हणाली. “घेतलंस तर नीट सांग. त्या पाच जणांनी आपापला कोयता मोडलाय का?”

“न्हाई. मोडू म्हणालेत.”

“कवा?”

“ते लिहिलेलं न्हाई.”

“मग ते व्रत कसलं? व्रत आपुन घ्याचं असतंय. ह्येनी ते दुसऱ्याला घातलंय.”

पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, “आत्ती, तुजा कोयता बी घरातच हाय की!”

परत हशा. मला वाटलं, आता आत्ती त्याला शिव्या घालणार. तिनं घातल्या नाहीत. आयुष्यभर पाळलेल्या गोष्टीकडे ती बहुधा पहिल्यांदाच मागून बघत होती. मग तिनं माझ्याकडे तोंड केलं, आणि आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. “व्हय, हाय. म्हणूनच इचारतो. ज्येच्या सोताच्या घरात कोयता हाय, त्येला दुसऱ्याला ‘कोयता वाईट, तू घिऊ नगंस’ म्हणायचा अधिकार हाय का न्हाय? ह्ये सांग तू. एवढी शिकलीयास न्हवं?”

मी उत्तर शोधलं. दीड वर्षात वाचलेलं सगळं डोक्यात भराभर उलटून पाहिलं. तिथं करारांची कलमं होती, सह्या होत्या, कुणी काय म्हटलं ते होतं. याचं उत्तर नव्हतं. “मला माहीत न्हाई आत्ती,” मी म्हणाले.

“आन आपल्या देशाकडं हाय का बाँब?” मघाच्याच म्हातारबांनी विचारलं.

“आहे असंही म्हणत नाहीत, नाही असंही म्हणत नाहीत.”

तेव्हा आप्पा उठले. “म्हंजे माज्या पोरीसारकंच,” ते म्हणाले, अगदी हळू, पण मंडपात सगळ्यांना ऐकू गेलं. चपला घालून ते निघून गेले.

त्या संध्याकाळचं जेवण मी विसरलेले नाही. खपलीची खीर केलेली होती, माझ्या व्याख्यानासाठी. अव्वानं ती वाढली आणि कुणी तिला हात लावला नाही. हात धुतल्यावर आप्पा बोलले. बाँबचा राग नाही, म्हणाले. काय शिकायचं ते माणसानं शिकावं. “पर दीड वरीस तू मला गावभर खोटं बोलाय लावलंस. मी व्रत घेतलेला माणूस हाय. माज्या तोंडातनं खोटं निगालं आन मला त्येचा पत्त्या बी न्हाय.” त्यांचा आवाज फुटला होता. याआधी आणि यानंतर मी तो कधी तसा ऐकला नाही. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. “उद्या हेडमास्तरला सांगतो, पोरगी शाळंत येतीया म्हणून,” एवढं म्हणून ते उठू लागले.

“मी सोमवारी कोल्हापूरला जाणार,” मी म्हणाले.

“जायाचं न्हाय.”

“मी इचारत न्हाई आप्पा, सांगतोय. माफी मागतो ती खोट्याची. अभ्यासाची मागत न्हाई. मागल्या बारीला तुमाला फसवून गेलतो. आता सांगून जातो.”

आत्ती दारात उभी होती. ती माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं, पण तिनं दोघांकडेही पाहिलं आणि आत गेली. शब्द मागे घ्यायची सवय नसलेली दोन माणसं एका सोप्यात समोरासमोर उभी होती, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या पलीकडे जायला वाट नव्हती. मधला रविवार आम्ही कसा काढला ते विचारू नका. म्हशींशी तेवढे आप्पा बोलत होते.

आता वय झाल्यावर लोक विचारतात, घरातून पाठिंबा होता का? मुलाखती घेणाऱ्या मुलींना ‘होता’ हे उत्तर हवं असतं, किंवा ‘अजिबात नव्हता’ हे. मी त्यांना सांगते की विरोध होता आणि तो रास्त होता. चूक माझी होती आणि तरी जायचंही मलाच होतं. या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत भरून मी सोमवारी सकाळी घरातून निघाले. पिशवीत अव्वानं न बोलता भाकरी आणि चटणी घातली होती.

एसटी यायला वेळ होता. फाट्यावर मी एकटीच. आप्पा सायकलवरून येताना दिसले तेव्हा मी खाली ठेवलेली पिशवी उचलून हातात धरली. मला परत न्यायला आले असतील तर मी काय करणार होते? जाणारच होते. ते सायकलवरून उतरले, स्टँड लावला, माझ्या शेजारी उभे राहिले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

“आत्तीनं इचारलं त्येचं उत्तर दिलं न्हाईस तू,” ते म्हणाले.

“मला आलं न्हाई.”

“भर बस्तीत इचारलंय तिनं. पर्वात. तसं लोंबकळत ठेवून चालंल का?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मी व्हय म्हणत न्हाय,” आप्पा म्हणाले. “जा असं माज्या तोंडातनं निगणार न्हाय. पर त्या म्हातारीला उत्तर द्याचं हाय. ते हितं हायस्कुलात बसून मिळंल का?”

“न्हाई मिळणार.”

“मग बघ तुजं तू.” त्यांनी सायकल वळवली. एसटी आली तेव्हा ते बरेच लांब गेले होते.

सरांना मी सगळं सांगितलं, अगदी फळ्यावरच्या वेलबुट्टीसकट. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “सापडला की तुझा प्रश्न.” सहा महिने लिहिलेली दोन प्रकरणं मी बाजूला टाकली. प्रबंधाचं पहिलं वाक्य आत्तीचं घातलं, तिच्याच भाषेत: ‘ज्येच्या सोताच्या घरात कोयता हाय, त्येला दुसऱ्याला कोयता वाईट म्हणायचा अधिकार हाय का न्हाय?’ सरांनी ते प्रमाण मराठीत करून दिलं. मी परत होतं तसं केलं. त्यांनी परत खोडलं. तिसऱ्या वेळी त्यांनी खोडलं नाही, फक्त समासात लिहिलं, ‘संदर्भ द्या’. मी तळटीप दिली. आत्तीचं पूर्ण नाव, गावचं नाव, बस्तीतील सभा. मोठमोठ्या परदेशी लेखकांच्या तळटिपा तिच्या खालून सुरू होतात.

त्या वर्षांत मी दर सणाला घरी जात होते. आप्पा माझ्याशी बोलत, पण अभ्यासाचा विषय निघाला की उठत. प्रबंध मंजूर झाला, पदवी मिळाली. काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीची एक प्रत घेऊन मी गावी गेले. आप्पा सोप्यात बसले होते. मी ती त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पहिलं वाक्य वाचलं, तळटीप वाचली. दोन्ही परत वाचली. मग हजारभर पानांचं असावं तसं ते बाड उचलून एकदम शेवटचं पान काढलं.

“उत्तर कुटाय?”

“मिळालं न्हाई, आप्पा. चारी बाजूनं शोधलं. अधिकार न्हाई म्हणावं, तर मग कुणीच कुणाला अडवायचं न्हाई, आन कोयतं वाढत जाणार. अधिकार हाय म्हणावं, तर ते खरं न्हवं.”

“मग ह्येनी तुला पदवी कशाबद्दल दिली?”

“मिळालं न्हाई, असं लिवलंय शेवटाला.”

“लिवलंयस तसं?”

“लिवलंय.”

आप्पांनी शेवटचा परिच्छेद वाचला. ओठ हलवत, सावकाश, एकही शब्द न सोडता. चष्मा काढून खिशात ठेवला. मग उठून टोपी घातली, प्रबंध काखेत मारला आणि आतल्या दाराकडे तोंड करून आत्तीला हाक दिली, “आक्का, भाईर ये. चपला घाल.”

“कुठं निगालाय आप्पा?” मी विचारलं.

“बस्तीत. भर बस्तीत इचारलंतं तिनं. मिळालं न्हाय, ह्ये बी तितंच सांगाय पायजे. चल, तूच सांग.”

आत्ती हात पुसत बाहेर आली. मी पदर खोचला आणि त्या दोघांच्या मागून निघाले.